इंदूरचे वादळी दिवस: विजा, जोरदार पाऊस आणि उतरलेला पारा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत इंदूरच्या आभाळाचा भरवसा नसतो. दुपारी रखरखीत ऊन, चारला पश्चिमेकडे काळा पट्टा, पाचला सोसाट्याचा वारा आणि सातला अंगणात गारवा. नेमक्या याच दिवसांत आपल्या घरांत वाळवणं असतात, लॉनवर लग्नं असतात, पुण्या-मुंबईची भाचेमंडळी सुटीला आलेली असतात आणि मुलं चिमणबागेच्या मैदानावर असतात. त्यामुळे दरवर्षी विचारले जाणारे प्रश्नही साधारण तेच असतात. उत्तरं देताना माझा एक आग्रह आहे, तो आधीच सांगतो: अशा दिवशी अंदाजातला तापमानाचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा. आधी वेळ बघा, मग वारा आणि वीज.

‘पारा पाच-सात अंशांनी उतरणार’ असं वाचलं. म्हणजे उन्हाळा संपला का?

नाही. मे महिन्यात इंदूरचं सरासरी कमाल तापमान चाळीसच्या आसपास असतं. वळवाच्या पावसाने ते दोन-चार दिवस खाली येतं आणि ढग पांगले की पुन्हा चढतं.

हा गारवा तीन गोष्टींमुळे येतो. ढगांमुळे जमिनीपर्यंत ऊन कमी पोहोचतं. जमीन ओली झाली की उन्हाची बरीचशी उष्णता पाणी वाळवण्यातच खर्च होते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत येताना वाटेत थोडा सुकतो, आणि माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने ती हवा गार होते. गार हवा जड असते. ती खाली कोसळते, जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. पावसाआधी अंगावर येणारा तो थंड झोत म्हणजे हीच हवा. माणसं त्या झोताने सुखावतात, गच्चीवर जातात, मुलांना अंगणात सोडतात. पण तो झोत आला याचा अर्थ वादळी ढग आता फार लांब नाही, आणि वीज मूळ ढगापासून कित्येक किलोमीटर दूरही पडू शकते. गार वारा लागला की बाहेर यायचं नसतं, आत जायचं असतं.

ऐन उन्हाळ्यात हे ढग येतात कुठून?

भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग-पाऊस घेऊन येणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणाली, इराण, अफगाणिस्तान असा प्रवास करत आपल्या देशाच्या उत्तर भागात येतात. हिवाळ्यात माळव्यात जो मावठा पडतो तोही त्यांच्याचमुळे. उन्हाळ्यात ते बहुतेक वेळा हिमालयाच्या अंगाने निघून जातात, पण त्यांच्या प्रभावाने राजस्थानवर किंवा मध्य प्रदेशाच्या पश्चिम भागावर वाऱ्यांचं चक्राकार अभिसरण तयार होतं. हे चक्र अरबी समुद्रावरून दमट हवा ओढतं. कधी बंगालच्या उपसागराकडूनही ओल येते.

इकडे माळव्याचं पठार दिवसभर तापलेलं असतं. जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर उठते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात आणि बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता तिला आणखी वर ढकलते. वरच्या थरात हवा थंड असेल तर हा ढग तासाभरात दहा-बारा किलोमीटरच्या वर जातो. त्याच्या पोटात गारा, हिमकण आणि पाण्याचे थेंब एकमेकांवर घासतात, विद्युतभार वेगळे होतात आणि वीज तयार होते.

उष्णता, ओल आणि वरची थंड हवा हे तिन्ही जमून यावं लागतं. म्हणूनच दुपारी ढग दाटून येतात आणि बऱ्याचदा न पडताच विरून जातात.

यलो, ऑरेंज, रेड: नेमकं काय समजायचं?

भारतीय हवामान विभागाचे रंग चार आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, अंदाज पुन्हा पुन्हा बघा. नारिंगी म्हणजे तयारी करा. लाल म्हणजे आता कृती करा.

रंग ठरतो तो होऊ शकणाऱ्या परिणामावरून, नुसत्या पावसाच्या आकड्यावरून नाही. त्यामुळे फक्त वीस मिलिमीटर पाऊस अपेक्षित असला तरी ताशी ५०-६० किलोमीटरचा वारा आणि गारा असतील तर नारिंगी इशारा येऊ शकतो. ‘एवढ्याशा पावसाला कसला अलर्ट’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. त्या दिवशी झाडं, होर्डिंग आणि पत्रे पाडतो तो वारा.

पिवळ्या रंगाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यावर तो इतक्या वेळा दिसतो की डोळा सरावतो. पण वीज माणसाचा जीव घेते ती पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशीसुद्धा. एका विजेला लाल रंगाची गरज नसते.

बातमीपत्रात ‘कहीं-कहीं’ आणि ‘अनेक स्थानों पर’ असं असतं. त्यात फरक असतो का?

मोठा फरक असतो, आणि हे शब्द मोजून वापरलेले असतात. एखाद्या भागातल्या किती टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे ते त्यांतून कळतं. तुरळक (‘कहीं-कहीं’) म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत, काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५०, बऱ्याच ठिकाणी (‘अनेक स्थानों पर’) म्हणजे ५१ ते ७५ आणि त्याहून जास्त म्हणजे जवळपास सर्वदूर.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे पाऊस हलका, असा समज आहे. तो चुकीचा आहे. हा शब्द पसारा सांगतो, जोर सांगत नाही. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा अंदाज असेल तर एखाद्याच गावात धो-धो कोसळेल आणि शेजारचं गाव कोरडं राहील.

विजयनगरला रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘इंदूरमध्ये पाऊस नाममात्र’. असं कसं?

शहराची अधिकृत वेधशाळा पश्चिमेला विमानतळावर आहे. वळवाचा ढग कधी कधी पाच-सात किलोमीटर रुंदीचाच असतो. तो विजयनगरवरून, शहराच्या पूर्वेकडून गेला तर विमानतळावरचं पर्जन्यमापक कोरडं राहतं. कुणी खोटं सांगत नसतं, मोजणी एका जागेची असते एवढंच. तापमानाचंही तसंच. वेधशाळेतला तापमापक सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीत असतो. डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या कारच्या पडद्यावरचा आकडा त्याच्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

‘भारी वर्षा’ म्हणजे किती इंच?

इंदूरची माणसं पाऊस इंचांत मोजतात आणि हवामान विभाग मिलिमीटरमध्ये. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच झाले की तो जोरदार पाऊस. ११५.६ मिलिमीटरपासून, म्हणजे साडेचार इंचांच्या पुढे, अति जोरदार. २०४.५ च्या पुढे, म्हणजे आठ इंचांहून जास्त, तो अत्यंत जोरदार. चोवीस तास मोजले जातात सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ.

ऑगस्ट २०२० मध्ये इंदूरात एका दिवस-रात्रीत दहा इंचांहून जास्त पाऊस पडला होता. तो भर पावसाळ्यातला होता. वळवाचा पाऊस एवढा क्वचितच पडतो, पण त्याचा वेग जास्त असतो. दीड इंच पाऊस दिवसभर रिमझिमला तर नाल्या तो गिळतात. तोच अर्ध्या तासात पडला तर कृष्णपुऱ्याकडे खान आणि सरस्वती नद्यांच्या काठची सखल वस्ती पाण्यात जाते. म्हणून एकूण किती याच्याबरोबर किती वेळात हेही विचारत जा.

माझ्या भागात वादळ कधी येणार, हे किती आधी कळू शकतं?

पाच दिवस आधी कळतं ते एवढंच की हवा वादळाला पोषक आहे. आदल्या दिवशी जिल्हा आणि दिवसाचा साधारण भाग कळतो. पण ‘राजेंद्रनगरला साडेपाचला’ असं आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही, कारण तो ढग तेव्हा जन्मालाच आलेला नसतो.

खरं उपयोगी पडतं ते तीन तासांचं तातडीचं पूर्वानुमान. हवामान विभाग ते रडार आणि उपग्रह बघून काढतो. आपल्याकडे भोपाळच्या डॉप्लर रडारचं चित्रही खुलं असतं. ‘मौसम’ अ‍ॅपवर किंवा विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडला की हा इशारा दिसतो. दुपारी दोनला एकदा, पाचला एकदा बघायची सवय लावली तरी पुरे. घरात ज्यांना फोनवर हे जमत नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी एकाने ते बघून सांगायचं. आजोबा संध्याकाळी फिरायला निघण्याआधी ही एक गोष्ट सूनबाईने किंवा नातवाने बघितलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ते तयार केलं आहे. तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का ते त्यात दिसतं. त्यासाठी फोनचं लोकेशन चालू ठेवावं लागतं.

विजेपासून सांभाळायचं कसं?

मध्य प्रदेश हे देशात विजेने सर्वाधिक माणसं दगावणाऱ्या राज्यांपैकी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात २,८८७ लोक विजेने गेले. यांतले पुष्कळ मृत्यू शेतात, झाडाखाली, उघड्यावर झालेले असतात, आणि थोडी घाई केली असती तर टळले असते.

नियम सोपा आहे: गडगडाट ऐकू आला की आत. पाऊस सुरू व्हायची वाट बघायची नाही. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्याजवळ पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबायचं. हा अर्धा तास फार जड जातो, विशेषतः मुलांना. पाऊस थांबलेला असतो, आभाळ उघडत असतं, मैदान मोकळं दिसत असतं. मागे राहिलेल्या ढगातून वीज पडते ती याच वेळात.

‘आत’ म्हणजे पक्की इमारत, किंवा लोखंडी छताची, काचा बंद केलेली गाडी. गाडीत माणूस वाचतो तो टायरच्या रबरामुळे नाही, तर वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते म्हणून. दुचाकी, सायकल रिक्षा, ट्रॅक्टर, मांडव, बसथांब्याचं छप्पर यांना ‘आत’ म्हणता येत नाही. झाड तर अजिबात नाही. झाडावर पडलेली वीज बाजूला उभ्या माणसावर उडी मारते आणि मुळांच्या आसपासच्या जमिनीतूनही पसरते.

घरात असताना अंघोळ, भांडी आणि नळाखालची कामं थोडी पुढे ढकला. वायरचा फोन वापरू नका, चार्जिंगला लावलेला मोबाइल हातात धरू नका. नुसता मोबाइल वीज ओढून घेत नाही, तेव्हा मदतीसाठी फोन करायला घाबरू नका. टीव्ही आणि फ्रिजचे प्लग वादळ यायच्या आधीच काढा.

उघड्यावर अडकलात आणि जवळ आसरा नसेल तर उंच जागा, एकटं झाड, तारेचं कुंपण, विहीर आणि तळं यांच्यापासून दूर व्हा. चार जण असाल तर एकमेकांपासून अंतर ठेवा. पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे होऊ नका. हा अगदी शेवटचा उपाय आहे. पळत जाऊन इमारत गाठता येत असेल तर तीच गाठा.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो का?

नाही. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. हे लहानथोर सगळ्यांना माहीत असायलाच हवं, कारण या भीतीने लोक लांब उभे राहतात आणि हातची मिनिटं जातात. विजेने बहुतेकदा हृदय किंवा श्वास बंद पडतो. १०८ ला फोन करा, श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब देणं सुरू करा. शेणात पुरणं, मातीत झोपवणं असले उपाय करू नका. अनेक जणांना एकदम झटका बसला असेल तर जे निपचित पडले आहेत त्यांच्याकडे आधी धावा.

गच्चीवर कुरडया-पापड घातलेत. कधी उचलायचे?

वळवाची वादळं बहुधा दुपारी तीन ते रात्री नऊच्या दरम्यान होतात. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी वाळवण सकाळी लवकर घाला आणि दोनच्या सुमारास उचला. अर्धवट वाळलेलं घरात पंख्याखाली ठेवता येतं. पण गडगडाट सुरू झाल्यावर ते उचलायला गच्चीवर जाऊ नका. भिजलेल्या कुरडया पुन्हा करता येतात.

लॉनवर लग्न आहे. मांडववाल्याला काय सांगायचं?

मांडवाच्या बळकटीबद्दल लेखी बोला. वाऱ्याचा वेग ताशी ५०-६० किलोमीटर जाऊ शकतो हे त्याला सांगा, खांब जमिनीत किती खोल जातात आणि ताण कुठे दिले आहेत ते स्वतः बघा. लोखंडी ट्रसला टांगलेल्या दिव्यांखाली आणि एलईडी पडद्यालगत पाहुणे बसवू नका. जनरेटर आणि वायरी पाण्याच्या वाटेत नकोत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाहुण्यांना नेता येईल असा पक्का हॉल जवळ हवा आणि ‘आता आत चला’ हे सांगायची जबाबदारी एका माणसाकडे हवी. वधूपित्याकडे ती नको, त्याला तो निर्णय घेववत नाही. मुहूर्त संध्याकाळचा गोरज असेल तर हे दुप्पट लागू.

पाऊस झाल्यावर पातालपाणी, तिंछाला जाणं सुरक्षित आहे का?

पाऊस चालू असताना किंवा वर महूकडे ढग असताना अजिबात नाही. विंध्याच्या कड्यावरून कोसळणाऱ्या या धबधब्यांचं पाणी वरच्या पठारावरून येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर दहा किलोमीटरवर कोसळत असतं. जुलै २०११ मध्ये पातालपाणीला पाण्याच्या मधोमध उभे असलेले पाच जण असेच अचानक वाढलेल्या लोंढ्यात वाहून गेले होते. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पानं वाहून यायला लागली, आवाज बदलला, की सामान तिथेच टाकून काठाच्या वर चढा.

रस्त्यावरही तेच. सहा इंच वाहतं पाणी माणसाचे पाय उचलतं आणि एक फूट पाणी छोटी मोटार ढकलतं. रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर गाडी वळवा.

रात्रीच्या बसने पुण्याला निघायचंय. रद्द करावं का?

नुसत्या पिवळ्या इशाऱ्यासाठी नको. नारिंगी असेल तर निघायची वेळ वादळ ओसरल्यावरची घ्या. मानपूरच्या पुढे घाट उतरताना आणि सेंधव्याजवळ बिजासन घाटात पावसात समोरचं दिसत नाही आणि फांद्या रस्त्यावर येतात. वातानुकूलित बस असो नसो, संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कुठे आहे ते बसल्याबरोबर बघून ठेवा.

गारपीट होईल हे ओळखता येतं का? कांदा-लसूण उघड्यावर आहे.

ढगाकडे बघून खात्रीने नाही. इशाऱ्यात ‘ओलावृष्टि’ असेल तर ते गारांबद्दल आहे, ते गंभीरपणे घ्या. देपालपूर, सांवेर, महूच्या बाजूला शेती असलेल्यांनी काढलेला माल शेतात ढीग करून ठेवू नये. ताडपत्रीच्या कडांवर माती किंवा दगड हवेत, नाहीतर वारा ताडपत्रीच घेऊन जातो. चोइथराम मंडीत माल न्यायचा असेल तर तीन तासांचा इशारा बघून ट्रॉली भरा. नुकसान झालंच आणि पीक विमा असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. फोटो आधी काढा, साफसफाई नंतर.

नौतप्यात पाऊस पडला, आता पावसाळा कोरडा जाणार का?

सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हा, साधारण २५ मेपासून, हे नऊ दिवस धरतात. ते तापले नाहीत तर पाऊस रुसतो अशी समजूत आहे. ऊन, जमीन आणि पाऊस यांच्यातलं नातं आपल्या जुन्या माणसांनी ओळखलं होतं, त्याचा मला आदर आहे. पण चार महिन्यांचा मोसमी पाऊस नऊ दिवसांवर ठरत नाही. प्रशांत महासागराचं पाणी तापतं तो एल निनो, हिंद महासागराचं तापमान आणि बंगालच्या उपसागरात होणारे कमी दाबाचे पट्टे यांचा त्यात मोठा वाटा असतो. ताजा दाखला २०२५ चा आहे. त्या वर्षीचा मे महिना देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत पावसाळी ठरला, आणि तरीही जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या १०८ टक्के झाला.

मुंबईला पाऊस पोहोचला. मग आपल्याकडे चार दिवसांत?

तसं गणित नाही. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि माळव्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यानंतर येतो. पण मध्ये वारे थबकतात. २०२५ मध्येच मुंबईला तो २६ मे रोजी पोहोचला आणि मध्य प्रदेशाला जूनच्या मध्यापर्यंत थांबावं लागलं. मुंबईच्या मामाचा फोन आला म्हणून सोयाबीन पेरू नका. तीन-चार इंच पाऊस मुरून जमिनीत ओल झाल्यावरच पेरणी करा.

गारवा असूनही घाम का येतो?

हवेत ओल वाढते, घाम सुकत नाही. तापमान कमी दिसलं तरी वयस्कर माणसं आणि उन्हात काम करणारे यांनी पाणी, ताक, पन्हं चालूच ठेवावं.

वादळात वीज गेली, तार तुटून पडली. कुणाला कळवायचं?

विजेच्या तक्रारीसाठी १९१२, जिवाला धोका असेल तर ११२. रस्त्यावर झाड पडलं असेल किंवा नाली तुंबली असेल तर महापालिकेच्या ‘इंदूर ३११’ अ‍ॅपवर फोटोसह तक्रार टाका. तुटलेली तार मेलेली आहे असं कधीही धरू नका. तिच्यापासून तीस फूट तरी लांब राहा, साचलेल्या पाण्यात ती पडली असेल तर आणखी लांब, आणि विद्युत कंपनीची माणसं येईपर्यंत दोघांनी दोन बाजूंना उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवा. अंधारात दुचाकीवरून येणाऱ्याला ती तार दिसत नाही.